झाकण

हॅलिफॅक्सला जानेवारीत चार वाजता दिवस मिटतो,
दुकानदाराने शटर ओढावं तसा,
गिऱ्हाइकाकडे न बघता.
मी मीटरकडे बघत बसलेला असतो.
शिल्लक एक पौंड बारा पेन्स,
म्हणजे अंघोळ किंवा भात. दोन्ही नाही.

ऑक्टोबरात कंपनीने खुर्ची काढून घेतली
आणि मी मिरजेला कळवलं नाही.
रविवारी व्हिडिओ लावताना दिवा पाठीशी ठेवतो.
आई म्हणते, उजेडात बस रे, तोंड दिसत नाही तुझं.
नेटवर्क, मी म्हणतो.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
उघडली तर एक पौंड बारा पेन्स.

वरच्या मजल्यावर डोरीन ऑलरॉइड.
वय ऐंशीच्या पुढे, गुडघे त्याहून म्हातारे.
यशोधन तिच्या जिभेला झेपलं नाही,
म्हणून ती मला यश म्हणते.
बेकार माणसाच्या दाराशी दर मंगळवारी
कुणीतरी मोठ्याने विचारतं,
यश, आहेस का घरात?

हातात बरणी. व्हिनेगरमधलं बीट, लालभडक.
एवढं उघडून दे बाळा,
माझी बोटं आता कुणाचं ऐकत नाहीत.
मी उघडून देतो.
ती लगेच जात नाही. उंबऱ्यात दम खाते,
माझ्या खांद्यावरून आत बघते,
सिंकमधली भांडी, न फोडलेली पाकिटं,
तोच शर्ट.
मग म्हणते, एकटीला बरणी संपत नाही, वाटी आण.
पहिल्या वेळी वाटी आणली ती राग गिळून.
मला बीट आवडत नाही.
आणि कीव त्याहून नाही.

सहा मंगळवार, सहा बरण्या.
सातव्याला लक्षात आलं
की झाकण कधी वाजलंच नव्हतं.
नवी बरणी उघडताना आत कोंडलेलं काहीतरी सुटतं,
टक्‌ होतं.
ते टक्‌ मी एकदाही ऐकलं नव्हतं.
आणि माझ्या मनगटात एवढा जोर कुठला?
बाई वरती आपल्या ओट्यापाशी बरणी उघडत होती,
सैलसर पुन्हा लावत होती,
आणि कठडा धरून एकोणीस पायऱ्या उतरत होती
मी आहे की नाही ते बघायला.

मी काही बोललो नाही.
तोंड वेडंवाकडं करून झाकण फिरवलं.
आज फारच घट्ट होतं, म्हणालो.
होतंच, ती म्हणाली.
तू नसतास तर काय केलं असतं मी?

त्या रविवारी दिवा समोर ठेवला.
आईने बघितलं, बराच वेळ बघितलं,
मग एवढंच विचारलं,
भात तरी लावतोस ना?

नोकरी? नाही, अजून नाही.
पत्रं येतात, प्रत्येकाला खेद झालेला असतो.
पण दिवस आता पाचला मिटतो.
वरचा एक तास कुणी दिला, अर्ज न मागता,
त्याचं काय करायचं ते मला अजून नीट कळत नाही.

तळघरात एक पोरगा आलाय, यॉनस.
एरिट्रियाचा. कागद कुठेतरी अडकलेत म्हणे.
पडदा दिवसभर ओढलेला,
आणि आठवडाभर त्याच्या दाराशी कचऱ्याची पिशवी नाही,
म्हणजे पोटात काही जात नाही.
हे पूर्वी माझ्या ध्यानात आलं नसतं.

आज गुरुवार.
मिरजेहून आलेलं लिंबाचं लोणचं, तळाशी उरलेलं.
झाकण तेलाने चिकटून बसलंय.
मी ते ओट्यापाशी उघडतो,
आटे पुसतो, पुन्हा अलगद बसवतो.
फार सैल नको, पोराला संशय येईल.

खाली अकरा पायऱ्या, शेवटची फुटकी.
मनगट दुखावल्यासारखं धरतो
आणि दारावर थाप मारतो.